घराट : भिंत कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होतं?

पाणवठा

उत्तराखंडात हर की दूनच्या ट्रेकला गेलेल्या पुष्कळ जणांनी घराट पाहिलं असेल. ओढ्यालगत, वाटेच्या खालच्या अंगाला, दगडी भिंतींची एक बुटकी खोली. दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पाठीवर सॅक असते, अंधाराच्या आत मुक्काम गाठायचा असतो, लांबून तो गोठा वाटतो आणि आपण पुढे निघतो. पहिल्या खेपेला मीही तशीच पुढे गेले होते.

दुसऱ्या खेपेला मुद्दाम थांबले. मी वास्तुसंवर्धनाचं काम करते. तिथल्याच टोन्स नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात पंधरा दिवस राहून एका घराटाची मोजमापं घेतली. (गावाचं नाव देत नाही, घराट चालवणाऱ्या कुटुंबाची तशी इच्छा आहे.) गढवालात घराट, कुमाऊंत घट, आणि ते चालवणारा घटवार. ओढ्याच्या पाण्यावर चालणारी पिठाची चक्की, एवढं सांगितलं तरी कळेल.

पहिल्या दिवशी सवयीप्रमाणे आधी इमारत काढायला घेतली. भिंती, दार, छप्पर. यंत्र नंतर वेगळ्या कागदावर काढू, असा बेत होता. संध्याकाळी कागद पुढे घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की यातून यंत्र वजा केलं तर उरलेल्या कशालाच अर्थ राहत नाही. मागची भिंत पुढच्या भिंतीहून जाड का? जमिनीच्या फळ्यांमध्ये तेवढीच एक फट का सोडली? एक तुळई भिंतीत एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला मोकळी का? तेव्हापासून माझं मत बनलं आहे ते इथे मांडते. घराट म्हणजे यंत्र ठेवायला बांधलेली खोली नव्हे. ती खोली हाच त्या यंत्राचा सांगाडा आहे.

सुरुवात ओढ्यापासून करते. चक्की ओढ्यात नसते, ओढ्यापासून बाजूला असते. वरच्या अंगाला ओढ्यात चारदोन मोठे धोंडे आडवे टाकून थोडंसं पाणी वळवायचं आणि डोंगराच्या कुशीने जवळजवळ सपाट पाटातून आणायचं. या पाटाला तिकडे गूल म्हणतात. ओढा उतारावरून धाडधाड खाली जातो, गूल मात्र आपली उंची राखत हळूहळू येते. त्यामुळे ऐंशी-शंभर पावलं चालून गेल्यावर दोघांमध्ये दीड-दोन पुरुष उंचीचा फरक पडतो. हा फरक म्हणजेच चक्कीचं बळ. मी मोजलेल्या ठिकाणी तो जेमतेम ३ मीटर होता.

गुलीच्या शेवटी पाणी पन्हळीत शिरतं. पन्हळ म्हणजे देवदाराचं एक सबंध खोड, आतून कोरलेलं. वरचं तोंड रुंद, खाली निमुळती होत गेलेली, आणि तिरकी बसवलेली. वरच्या तोंडाशी काटक्यांची जाळी, पालापाचोळा अडवायला. शेजारीच एक फळी. ती पाडली की पाणी पन्हळीत न शिरता बाजूच्या चरातून ओढ्याला परत जातं आणि चक्की थांबते.

आता खोली. बाहेरून एकमजली दिसली तरी ती दुमजली आहे. खालचा मजला पाण्याचा, वरचा पिठाचा. खालच्या मजल्यावर चाक आहे, आणि ते आपल्या डोळ्यांपुढे असलेल्या चित्रातल्या पाणचक्कीसारखं उभं नाही. ते आडवं फिरतं. मधोमध बांजच्या (हिमालयातला ओक) लाकडाचा जाड आस आणि त्यात चहूबाजूंनी खोचलेली किंचित तिरपी लाकडी पाती. व्यास साधारण ६० सेंटिमीटर. पन्हळीतून सुटलेली धार एका बाजूच्या पात्यांवर आदळते आणि आस फिरतो. त्याच आसाच्या वरच्या टोकाला लोखंडी दांडा आहे. तो जमिनीतून, खालच्या तळीच्या (तळी म्हणजे जात्याचा गोल दगड) मधल्या भोकातून वर येतो आणि वरच्या तळीत अडकतो. चाकाचा एक फेरा, तळीचा एक फेरा. मध्ये दातेरी चाक नाही, पट्टा नाही, काहीच नाही.

आणि ज्या तुळईने मला कोड्यात टाकलं होतं तिचं सांगते. आसाचं खालचं टोक एका लोखंडी टोच्यावर उभं आहे, टोचा एका कठीण गारगोटीच्या खळग्यात, आणि ती गारगोटी त्या तुळईवर. तुळईचं एक टोक भिंतीत रुतलेलं, दुसरं एका उभ्या लाकडी दांड्याला टांगलेलं. तो दांडा जमिनीच्या फटीतून वर, घटवाराच्या हाताशी येतो. दांड्याखाली पाचर ठोकली की तुळई केसभर उचलते. तुळईबरोबर गारगोटी, आस, चाक आणि सर्वांत वरची तळी, असं सगळंच उचललं जातं. दोन तळ्यांमधलं अंतर वाढतं आणि पीठ जाडसर येतं. पाचर काढली की बारीक. शंभरेक किलोचा दगड एका पाचरीवर हलतो, कारण भिंत ही त्या तरफेचा टेकू आहे.

आराखडे तयार होत आले की टाकीन. तोवर कुणी इतरत्र अशा चक्क्या पाहिल्या असतील तर सांगा. विशेषतः बांधकामाबद्दल.

सह्यवेडा

वाखुसा (वाचनखूण साठवली)! हर की दून दोनदा केलं आणि दोन्ही वेळा हे मागे टाकलं याचं आज मनापासून वाईट वाटतंय.

एक प्रश्न. दाणे कोण घालतं? घरच्या जात्यात एक हात खुंट्यावर आणि दुसऱ्याने वैरण घालायची. इथे तळी अखंड फिरते, मग माणूस सतत बसून असतो का?

पाणवठा

@सह्यवेडा, त्या खोलीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तुम्ही विचारलीत.

वरच्या तळीवर छपराच्या वाशांना एक निमुळती टोपली टांगलेली असते. पेरणीच्या पाभरीवर चाडं असतं ना, त्याची मोठी बहीण समजा. टोपलीच्या बुडाशी एक छोटी लाकडी पन्हाळी, किंचित कललेली. त्या पन्हाळीला एक काठी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक फिरत्या तळीवर नुसतं टेकलेलं असतं. तळीचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे काठी टकटक उडत राहते, पन्हाळी हलते आणि दाणे थोडे थोडे तळीच्या तोंडात पडतात.

पाणी वाढलं, तळी जोरात फिरली की काठी जास्त उडते आणि दाणे जास्त पडतात. पाणी कमी झालं की दाणेही कमी. तळी थांबली की दाणे थांबतात. माणसाने काही करायचं नाही. म्हणूनच रात्रभर चक्की चालू ठेवून घटवार कोपऱ्यात झोपू शकतो. टोपलीची दोरी लांब-आखूड करून पन्हाळीचा कल बदलतात. गव्हाला वेगळा, मंडुव्याला (आपली नाचणी) वेगळा, कारण नाचणीचा दाणा बारीक आणि गुळगुळीत, तो भरकन घरंगळतो.

छपराचे वाशेही यंत्रात सामील आहेत, हे यावरून लक्षात यावं.

यंत्रज्ञ

पाणवठाताई, लेख फार नेमका आहे. मी जलविद्युत प्रकल्पांवर उमेदीची बरीच वर्षं काढली, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. गुलीची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग देऊ शकाल का? वेग काढायला एखादं पान सोडून किती वेळात किती अंतर जातं ते पाहिलं तरी पुरे. चाकाचे फेरेही मोजले असतील तर सांगा.

पाणवठा

यंत्रज्ञकाका, वहीत आहे. गूल ३० सेंमी रुंद, पाणी २० सेंमी खोल. पान १० मीटर अंतर १२ सेकंदांत गेलं (तीन वेळा पाहिलं, जवळपास तेवढंच). तळीवर खडूची खूण करून फेरे मोजले, मिनिटाला शंभराच्या आसपास.

यंत्रज्ञ

धन्यवाद. आता बघा.

पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला ०.८३ मीटर. पाटाच्या तळाशी आणि कडांना पाणी अडतं, म्हणून सरासरी वेग त्याच्या ०.८५ पट धरू, म्हणजे ०.७. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग: सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी. ३ मीटर उतरताना त्यात सव्वा किलोवॉटच्या आसपास शक्ती असते. अशा साध्या लाकडी चाकाला त्यातली चौथाई हाती लागली तरी चांगलं. म्हणजे ३०० वॉट, अर्ध्या अश्वशक्तीच्या आतच. ऐकायला कमी वाटतं. पण माणूस तासन्‌तास सलग काम करताना ७५ वॉटच्या आसपास देतो. म्हणजे हे चाक चार माणसांइतकं दळतं, आणि दिवसरात्र दळतं.

आता दाते का नाहीत याचं उत्तर. ३ मीटर उतरलेल्या पाण्याचा वेग घर्षण वजा न करता सेकंदाला पावणेआठ मीटर भरतो. पन्हळीत काही वाया जाऊन साडेसहा उरला असं धरू. पात्यांचा वेग धारेच्या निम्मा असताना चाक सर्वांत जास्त काम देतं. म्हणजे सव्वातीन मीटर. ३० सेंमी त्रिज्येच्या चाकाला एवढा वेग म्हणजे मिनिटाला १०० फेरे! तुमच्या खडूच्या खुणेशी तंतोतंत जुळलं. आणि साठेक सेंटिमीटरच्या तळीला दळायला हाच वेग मानवतो. चाक लहान ठेवलं म्हणून फेरे जास्त मिळाले, फेरे मिळाले म्हणून दात्यांची गरज उरली नाही.

सपाट मुलखात हे जमत नाही. तिथे नदी संथ, पाणी भरपूर पण उंची नाही. मग मोठं उभं चाक लागतं, ते मिनिटाला दहा-बारा फेरे घेतं, आणि तळीपर्यंत ते आठ-दहा पटींनी वाढवायला दातेरी चाकं लागतात. शिवाय आस आडवा असतो, तो काटकोनात वळवावा लागतो. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात अशाच दातेरी पाणचक्कीचं वर्णन केलं आहे. पुढे इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने छोट्या प्रतिकृतींवर प्रयोग करून १७५९ साली दाखवून दिलं की वरून पाणी पडणारं चाक खालून ढकललेल्या चाकाच्या सुमारे दुप्पट काम देतं. हे सगळं उभ्या चाकांचं शास्त्र. घराट मात्र त्या वाटेला गेलंच नाही, कारण डोंगराने त्याला उंची फुकट दिली.

औसकाठची

काकांनी सपाट मुलखाचा विषय काढला म्हणून लिहिते. मी बरीच वर्षं केंब्रिजजवळ राहते. इथे ग्रेट औस नदीवर हाउटन नावाच्या खेड्यात जुनी पाणचक्की आहे, नॅशनल ट्रस्टने जपलेली. आजही तिथे गहू दळून पीठ विकतात. त्या जागी चक्की असल्याची नोंद दहाव्या शतकापासूनची आहे. आजची इमारत अर्थात पुष्कळ नंतरची.

तुमच्या घराटाच्या शेजारी ठेवली तर ती राजवाडा वाटेल. विटा आणि लाकूड, बाहेरून फळ्यांचं आच्छादन, मजल्यावर मजले. पण का, हे मला पाणवठाताईंचं लिखाण वाचून आज नीट उमगलं. तिथे धान्याची पोती आधी साखळीने पार माळ्यावर चढवतात. चढवायची ताकदही पाण्याच्या चाकाचीच. मग माळ्यावरून धान्य आपोआप खाली तळ्यांकडे येतं आणि तळ्यांमधून पीठ आणखी खालच्या मजल्यावरच्या पोत्यात. इमारतीची उंची शोभेसाठी नाही, धान्याच्या उतारासाठी आहे. घराटाने उंची पाण्याला दिली, इथल्या चक्कीने ती धान्याला दिली.

आणखी एक. ती तशी टकटकणारी काठी इथल्या चक्क्यांतही असते, फक्त इथे चौकोनी दांडा फिरतो आणि त्याच्या कोपऱ्यांनी पन्हाळी हलते. ताईंनी लिहिलेला प्रकार वाचल्यावर मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

आडवं चाक मात्र इंग्लंडच्या या भागात मी पाहिलं नाही. ते पाहायला स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर जावं लागलं. हक्स्टर नावाच्या वस्तीपाशी एकाच ओढ्यावर एकाखाली एक अशा तीन बुटक्या दगडी खोल्या आहेत. कोरड्या दगडांच्या भिंती, खाली आडवं चाक. या धाग्यातलं वर्णन तिथे जसंच्या तसं लागू पडतं.

माजघर

मी तांत्रिक काही जाणत नाही. पण चार माणसांइतकं दळतं हे वाचून थांबले.

आमच्या घरी, साताऱ्याकडे, जातं माजघरात होतं. आई आणि मोठी काकू समोरासमोर बसून पहाटे दळायच्या. एकीचा हात वर, एकीचा खाली, असा खुंटा धरलेला. घरात खाणारी माणसं अकरा. भाकरीचं पीठ रोजच्या रोज लागायचं, कारण ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना चिरते. आम्ही मुलं ओव्यांच्या आवाजाने जागी व्हायचो आणि त्याच आवाजाने पुन्हा झोपायचो. मला ते फार गोड आठवतं. आईला विचारलं असतं तर तिने खांदे दाखवले असते.

जात्याला टाकी लावायला माणूस यायचा. छिन्नी-हातोडीने दोन्ही तळ्यांना बारीक टाके घालायचा. त्या दिवशी पहिलं दळण गुरांना, कारण त्यात दगडाची कच येते. वरच्या तळीच्या भोकात लाकडाची आडवी पट्टी असायची, तिला माकडी म्हणायचे, तिच्यातल्या छिद्रात खालच्या तळीची खुंटी. पीठ जाड-बारीक करायला आई त्या खुंटीवर चिंधी गुंडाळायची. चिंधीने तळी उचलली जायची. पाणवठाताई, तुमच्या घटवाराची पाचर ती हीच की! पंधराशे किलोमीटरवर तीच युक्ती.

माझा प्रश्न असा की आपल्या सह्याद्रीत एवढे ओढे असताना कुणी पाण्यावर जातं का नाही फिरवलं? बायकांचे खांदे वाचले असते.

सह्यवेडा

@माजघर, तुमच्या प्रश्नावर रात्रभर विचार केला काकू. मला सुचतं ते असं.

आपले ओढे पावसाचे. श्रावणात त्यांच्यासमोर उभं राहवत नाही आणि संक्रांतीनंतर त्यात दगडगोटे उरतात. धान्य घरात येतं तेव्हा ओढा आटायला लागलेला असतो. हिमालयातल्या ओढ्यांना झरे आणि बर्फ, त्यामुळे बारमाही धार. शिवाय आपल्या पावसात ओढ्याकाठचं असं हलकं बांधकाम टिकवणं कठीण. कोकणात तर मुख्य धान्य भात, तो कांडायचा असतो.

यंत्रज्ञ

सह्यवेडा यांच्याशी सहमत. एक पुरवणी. बेसाल्टच्या खडकात पाणी मुरून साठायला जागा कमी असते, तेव्हा पावसाळा संपला की झरेही लवकर बारीक होतात. सेकंदाला ४० लिटरची धार मे महिन्यात देणारा ओढा घाटमाथ्यावर शोधून पाहा.

खामकाठ

थांबा, महाराष्ट्रात पाण्यावर जातं फिरलं आहे! आमच्या संभाजीनगरात पाणचक्की आहे, ती शहराच्या नकाशावर ठळक असल्यामुळे बहुधा कुणाला सुचली नाही. मी तिच्या हाकेच्या अंतरावर लहानाचा मोठा झालो.

खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींचा दर्गा आहे. ते बुखाराच्या बाजूचे. त्यांच्यानंतर १८व्या शतकात इथे पाणचक्की आणि हौद झाले. चक्की उभारणाऱ्या सरदाराचं नाव तुर्कताज खान सांगतात. दर्ग्यात येणारे फकीर, शिकणारी मुलं, प्रवासी यांच्यासाठी इथे पीठ दळलं जायचं.

आणि माजघरकाकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या वास्तूतच आहे असं मला वाटतं. चक्की खामच्या काठावर आहे, पण खामच्या पाण्यावर चालत नाही. पाणी काही किलोमीटर लांबून, हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून खापरी नळांनी आणलेलं आहे. जमिनीत झिरपलेलं पाणी गोळा करायचं आणि उतार साधत आणायचं. १६१० मध्ये खडकी (म्हणजे आमचंच शहर) वसवणाऱ्या मलिक अंबरने शहराला पाणी दिलं तेही याच पद्धतीने, त्याला नहर म्हणतात. वाटेत जागोजागी उभे दगडी मनोरे, नळातली हवा आणि दाब मोकळा करायला. पुण्याला कात्रजहून येणाऱ्या नळावर उच्छ्वास आहेत, त्यांच्याच जातीचे.

म्हणजे दख्खनमध्ये बारमाही धार हवी तर ती डोंगर देत नाही, ती खणून आणावी लागते. राजाश्रय असलेल्या ठिकाणी हे परवडलं. खेड्याला कसं परवडावं?

बांधकामातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नळाने आलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात धबधब्यासारखं पडतं, उन्हाळ्यात तो आवाज ऐकायला लोक येऊन बसतात. त्या मोठ्या लांबट हौदाखाली दालन आहे. हौदाचा तळ हेच दालनाचं छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे भर मे महिन्यात तिथे गारवा. पाणवठाताईंच्या म्हणण्याला आमच्याकडून हे अनुमोदन: इथेही पाणी आणि इमारत वेगळी काढून दाखवता येत नाही.

पाणवठा

@खामकाठ, हे मनावर कोरून ठेवण्यासारखं आहे. मी पाणचक्की शाळेच्या सहलीत पाहिली, तेव्हा जातं बघून पुढे गेलो होतो. पुढच्या महिन्यात येते, दालन दाखवाल का?

@माजघर, चिंधी आणि पाचर! काकू, हे मी माझ्या टिपणात घालू का? तुमचं नाव न घेता, ‘साताऱ्याकडची आठवण’ म्हणून.

माजघर

घाल की. आईला बरं वाटलं असतं.

निवृत्त_फौजी

लडाखमध्ये दोन कार्यकाळ काढले. तिथे याला रंतक म्हणतात. चाक असंच आडवं. पण इमारतीत फरक आहे. तिकडे लाकूड दुर्मीळ, पाऊस नाममात्र, त्यामुळे भिंती दगड-मातीच्या आणि छप्पर सपाट, वर सफेदा (पॉप्लर) आणि विलोच्या काठ्या आणि माती. भाजलेल्या जवाचं सत्तूपीठ तिथे दळतात. हिवाळ्यात पाणी गोठतं आणि रंतक बंद. तेव्हा शरदात सगळं गाव रांग लावून दळून घेतं.

त्याच ओढ्यावर थोडं पुढे पाण्याने फिरणारं मणिचक्र पाहिलं. खाली तेच आडवं चाक, तोच उभा आस, फक्त वर दगडाऐवजी प्रार्थनेचं पिंप. ज्या सुताराने एक केलं त्यानेच दुसरं केलेलं असणार, असं पाहताक्षणी वाटलं.

पाणवठा, मला विचारायचं आहे ते लाकडाबद्दल. खालचं चाक आणि तुळई सतत भिजत असते. ती कुजत नाही?

पाणवठा

सर, घटवारांना मी हेच विचारलं. त्यांनी हाताने दाखवलं. तुळई पूर्ण पाण्याच्या झोतात असते, ती पिढीभर टिकते. पन्हळीच्या वरच्या कडा, जिथे कधी पाणी तर कधी ऊन, तिथे लाकूड आधी जातं. सतत ओलं टिकतं, सतत सुकं टिकतं, ओलं-सुकं होणारं कुजतं. म्हणून दळण नसतानाही ते गूल पूर्ण तोडत नाहीत, थोडी धार पन्हळीतून वाहू देतात.

तुमच्या छपराच्या निरीक्षणाबद्दल: टोन्सच्या खोऱ्यात पाऊस आणि बर्फ दोन्ही, म्हणून छप्पर दोन्ही बाजूंना उतरतं. त्यावर पठाल, म्हणजे पाटीच्या दगडाचे जाड पापुद्रे. खिळा एकही नाही, पठाल स्वतःच्या वजनाने बसतात. हे वजन मला आधी उगाचच वाटलं होतं. पण खाली तळी फिरत असते तेव्हा सगळी खोली थरथरते. त्या थरथरीत कोरड्या दगडांच्या भिंतींना वरून दाब हवा, नाहीतर दगड सरकत जातील.

भिंतींत चुना नाही. खालच्या मजल्याला ओढ्याकडची बाजू पूर्ण उघडी, तिथून पाणी बाहेर पडतं आणि पुढे शेताच्या पाटात किंवा दुसऱ्या घराटाच्या गुलीत जातं. चक्की पाणी वापरते पण संपवत नाही. एकाखाली एक तीन-चार घराटं एकाच पाण्यावर चालतात, औसकाठची यांनी शेटलंडचं लिहिलं तशीच.

सह्यवेडा

आता तिकडे किती चालू आहेत? की आपण एका संपलेल्या गोष्टीबद्दल बोलतोय?

पाणवठा

संपलेली नाही. पण मोडकळीला आलेली पुष्कळ. डिझेलच्या, विजेच्या चक्क्या आल्या, माणसं खाली देहरादूनला गेली. जून २०१३च्या महापुरात उत्तराखंडात ओढ्याकाठची कितीतरी घराटं वाहून गेली. देहरादूनच्या हेस्को संस्थेने, म्हणजे अनिल प्रकाश जोशी यांच्या गटाने, घराटं सुधारून त्यांच्यावर वीजही तयार करण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे. लोखंडी पाती, बेअरिंग घातलं की त्याच पाण्यात दळण वाढतं. मी त्याच्या विरोधात नाही. चालणारी चक्की हीच जतन केलेली चक्की.

पण दुरुस्ती कशी होते ते महत्त्वाचं. मी राहिले त्याच्या वरच्या गावात एक घराट ‘पक्कं’ करून दिलं होतं. कुणी केलं ते लिहीत नाही. लाकडी जमीन काढून सिमेंटचा कोबा घातला. दिसायला स्वच्छ, उंदरांना जागा नाही. पण तुळई उचलणारा दांडा ज्या फटीतून वर येतो ती फट कोब्यात बुजली. ती फट म्हणजे उखडलेली फळी आहे असं करणाऱ्याला वाटलं असावं. झालं, दोन तळ्यांमधलं अंतर कायमचं ठरून गेलं. मका भरडायला ठीक, गव्हाचं पीठ येईना. वर्षभरात लोकांनी धान्य दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. चक्की धडधाकट होती, पाणी होतं, घटवार होता. बंद पडली ती एका फटीमुळे.

आम्ही चौघांनी दोन दिवस छिन्नीने तो कोबा फोडला आणि फट मोकळी केली. दांड्याचं वरचं टोक जिथे निघालं तिथे जुन्या पाचरींचे घासून गुळगुळीत झालेले खळगे लाकडावर तसेच होते.

यंत्रज्ञ

हे वाचून अस्वस्थ झालो. कामाचा आराखडा करणाऱ्याकडे त्या दांड्याचं चित्र असतं तर हे टळलं असतं. ताई, तुमचे आराखडे लवकर टाका. हिंदीत मजकूर घालून घटवारांनाही एक प्रत द्या. पाती आणि टोचा यांची मोजमापं मी तपासून देईन.

पाणवठा

हिंदी प्रत आधीच ठरवली आहे काका. मोजमापं आजच पाठवते.

औसकाठची

एक राहिलंच. रात्री घटवार झोपतो म्हणालात. टोपली रिकामी झाली तर? दाणा नसताना तळीवर तळी घासली तर टाके बोथट होतील. इथल्या चक्कीत त्यासाठी घंटा असते. धान्य संपत आलं की दाण्यांच्या भाराने ताणलेला पट्टा सैल पडतो आणि घंटा वाजते.

पाणवठा

तिकडे घंटा नाही. मी दोन रात्री त्या खोलीत झोपले, पाठीशी पोती लावून. खालून पाण्याचा घोष, मध्ये तळीची घरघर आणि सर्वांवर ती काठी, टक टक टक. पहिल्या रात्री झोप लागायला वेळ लागला. पहाटे तीनच्या सुमाराला मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं, पण घटवार उठून बसले, अंधारातच चाचपडत टोपलीपाशी गेले आणि पुढच्या घराचं पोतं ओतलं. विचारलं तेव्हा म्हणाले, दाणा असला की दगड जाड आवाजात बोलतो, कमी झाला की आवाज वर चढतो. मग मला म्हणाले, ऐक, आता ओततोय. खरंच आवाज खाली उतरला. दुसऱ्या रात्री मीही त्याच वेळी जागी झाले.

आराखड्यांचा पहिला कागद रविवारी टाकते.